गळा आपला, वाट परक्याची

भारतातल्या गायक-वादकाला आपले गाणे लोकांपर्यंत पोचवण्यासाठी गेली सव्वाशे वर्षे दुसऱ्याच्या मालकीच्या साधनावर अवलंबून राहावे लागले आहे. आधी तबकडी आली, मग रेडिओ, सिनेमा, कॅसेट, दूरचित्रवाणी आणि आता मोबाइलमधले ॲप. साधन कंपनीचे असले की काळजी करारनाम्याची, सरकारचे असले की मर्जीची. धंद्याची काळजी आणि देशाच्या राजकारणाची काळजी या दोन गोष्टी कलावंताच्या आयुष्यात म्हणूनच वेगळ्या काढता येत नाहीत. साधन ज्याच्या हाती, त्याच्याच हाती बिदागी असते आणि कोणी काय गावे हे ठरवण्याची ताकदही असते.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. मैफलीत तास-पाऊण तास चालणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा, म्हणजे आलापी जवळजवळ सोडून द्यायची आणि बंदिशीचे तोंड, दोन-चार ताना, एवढ्यावर गाणे उरकायचे. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत उच्चारत असे, ते तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून. कारखान्याच्या सोयीसाठी केलेला तो उच्चार पुढे रसिकांच्या तोंडी बसला. पहिल्या पिढीतल्या कलावंतांशी कंपनीचा व्यवहार बहुधा एकरकमी असे, आणि किती तबकड्या खपल्या याचा हिशेब कंपनीच्याच वहीत राही.

मात्र तबकडीवर कोणाचे घर चालत नव्हते. खरा आधार संस्थानांचा होता. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि दक्षिण महाराष्ट्रातली छोटी संस्थाने आपापल्या ऐपतीप्रमाणे गवई पदरी बाळगत. राजाची लहर सांभाळावी लागे हे खरे, पण महिन्याचा तनखा, राहायला जागा आणि शिष्य घडवायला उसंत, एवढे मिळे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही मुंबई राज्यात आले. शेकडो लहानमोठ्या आश्रयदात्यांच्या जागी देशभर पसरलेला एकच आश्रयदाता उरला. तो म्हणजे सरकारी रेडिओ.

एका दरबारातून उठवले तर दुसरा दरबार गाठता येत असे. रेडिओने नाकारले तर जायचे कुठे, हा प्रश्न नवा होता. रेडिओवर संगीताचे निर्णय फाइलीवर होत, आणि फाइलीवरचा निर्णय काश्मीरपासून त्रिवेंद्रमपर्यंत एकदम लागू होई. हार्मोनियमचेच पाहावे. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. पेटीचे सूर ठरलेले असतात, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, हा आक्षेप रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागात असलेल्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराचा होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांचाही होता. शास्त्र म्हणून तो वाद खोटा नव्हता. पण बंदीचा फटका बसला तो पेटीवाल्यांच्या रोजीला. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ज्या वाद्याला महाराष्ट्रात मैफलीचा मान मिळवून दिला, त्या वाद्याचे कलावंत एका परिपत्रकाने बाहेर पडले. पु. ल. देशपांडे स्वतः रसिले पेटीवादक. १९५५ मध्ये ते पुणे केंद्रावर नोकरीला लागले, तेव्हाही स्टुडिओत पेटीला मज्जाव होताच. १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही आधी साथीपुरतीच.

पेटीपेक्षा कठोर घाव गायिकांवर पडला. स्वातंत्र्याच्या आगेमागे, सरदार पटेल माहिती व नभोवाणी खाते सांभाळत असताना, जिच्या खासगी आयुष्याचा बभ्रा झाला आहे अशा स्त्रीला रेडिओवर गाऊ देऊ नये असे धोरण आले. ठुमरी, दादरा, कजरी हे सारे प्रकार ज्या घराण्यांतल्या बायकांनी जिवंत ठेवले, त्यांच्याच पोटावर ते धोरण आले. नव्या राष्ट्राला त्यांचे गाणे हवे होते, त्या बायका नको होत्या. हा अन्याय होता आणि तो सरकारी कागदावर झाला.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. केसकर पुण्याचे, संगीताचे जाणकार, मतांचे पक्के. शास्त्रीय संगीत हाच राष्ट्राचा वारसा आणि सिनेसंगीत हा त्याला लागलेला कलंक, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद उभा राहिला, कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी देण्याची पद्धत पक्की झाली. या चाचणीने खळबळ उडाली. पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्या खाँसाहेबांना समितीसमोर बसून रागाची माहिती विचारली जाऊ लागली आणि अनेक बुजुर्गांना तो अपमान वाटला. वशिल्याला आळा बसावा हा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पण ए, बी-हाय, बी ही अक्षरे तेव्हापासून कलावंताच्या नावाला चिकटली ती आजतागायत. गावोगावच्या संगीत मंडळांच्या निमंत्रणपत्रिकांवरही ती छापली जातात.

सिनेसंगीताचा प्रश्न केसकरांनी फार ताणला. रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांची छाननी सुरू झाली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते गाळण्यात आले. निर्मात्यांनी चिडून परवानेच काढून घेतले. श्रोत्यांनी मग सरळ काटा फिरवला. रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ रोजी बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात पोचला. दिल्लीचे मंत्रालय जे गाणे रोखू पाहत होते, ते टूथपेस्टच्या जाहिरातीसकट कोलंबोहून येऊ लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली.

या हट्टातून एक चांगली गोष्टही घडली, ती मराठी माणसाने विसरू नये. सिनेगीताला पर्याय म्हणून रेडिओने सुगम संगीताचे विभाग काढले. कवी, संगीतकार, गायक यांना काम आणि मानधन मिळाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या गतीने वर्षभर प्रसारित केले. एकूण ५६ गीते झाली. गदिमा काँग्रेसचे, फडके संघाचे. केंद्राने दोघांना एकत्र बसवले आणि राजकारण स्टुडिओच्या दाराबाहेर ठेवले. सरकारी आश्रय उदार असला की काय होऊ शकते, याचे महाराष्ट्राला मिळालेले हे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

उदारपणाची हद्द मात्र लवकर लागे. मजरूह सुलतानपुरी यांनी मुंबईत कामगारांपुढे पंडित नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. माफी मागितली असती तर सुटका होती, त्यांनी ती मागितली नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकालाही बंदीला तोंड द्यावे लागले. मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा अण्णा भाऊंनी तोच ऐवज लोकनाट्य म्हणून फडावर आणला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांच्या डफावर लाखांच्या सभा उभ्या राहत. त्या आवाजावर कोणत्याही तबकडी कंपनीचा हक्क नव्हता, म्हणून तो विकला गेला नाही, आणि म्हणूनच त्याचे चार पैसेही झाले नाहीत. अण्णा भाऊंचे शेवटचे दिवस विपन्नावस्थेत गेले.

मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत याच काळात वेगळा व्यवहार रूढ होत होता. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणत. ती ऐकून स्वरलिपीत उतरवायची, व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो यांचे तुकडे बांधायचे आणि चाळीस-पन्नास वादकांपुढे कागद ठेवायचे, हे काम अरेंजरचे. या कामात गोव्याचे वादक आघाडीवर होते. चर्चच्या शाळांत ते लहानपणापासून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जाझचा रंग भरणारे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावे. रेकॉर्डिंग संपले की वादकाच्या हातावर दिवसाचे पैसे पडत आणि संबंध संपे. पडद्यावर नाव नाही, तबकडीवर नाव नाही. गोन्साल्विसांचे नाव देशाला माहीत झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूच्या नावाचे गाणे केले, पण ते ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तो खरा माणूस आहे हे माहीत होते?

गायकांचीही सुरुवातीला हीच गत होती. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पात्राचे नाव, कामिनी, छापलेले होते. नाव मिळवल्यानंतर लताबाईंनी पैशाचा प्रश्न काढला. गाणे वर्षानुवर्षे विकले जाते, तर गायकालाही त्या विक्रीत वाटा हवा, असे त्यांचे म्हणणे. मोहम्मद रफींना वाटे की गायकाने मेहनताना घेतला की व्यवहार पुरा झाला. या मतभेदातून १९६०च्या दशकात दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. या भांडणाची आठवण आजही स्वभावांचे भांडण म्हणून निघते, पण तो भारतीय संगीतातला मजुरी आणि मालकी यांच्यातला पहिला मोठा जाहीर वाद होता, आणि कायद्याने पुढे अर्ध्या शतकानंतर लताबाईंची बाजू घेतली.

त्या काळचा कायदा कलावंताच्या बाजूचा नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली किंवा रेखाटलेली कृती. गळ्यातून गळ्यात आलेली बंदिश कागदावर उतरेपर्यंत कायद्याला दिसतच नव्हती. ज्या देशात भातखंडे आणि पलुस्कर यांनी लिपी तयार केल्यानंतरही शिक्षण मुखानेच चालले, तिथे हे कलम परदेशी कायद्यावरून उचललेले होते हे उघड आहे. सिनेमात तर कागद लिहिणारा अरेंजर, कृतीचा कर्ता संगीतकार आणि पैसे देऊन काम करवून घेतले म्हणून पहिला मालक निर्माता, अशी वाटणी झाली. गाणाऱ्याचा या कायद्यात उल्लेखच नव्हता.

१९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था निघाली आणि चित्रपटगृहांकडे रॉयल्टी मागू लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ मार्च १९७७ रोजी निकाल लागला: करार वेगळा नसेल तर चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टिपण जोडले. आपल्याकडे लोक चालीपेक्षा गाणाऱ्यासाठी गर्दी करतात, तरी कायदा गायकाला काहीच देत नाही, हे या मातीला धरून नाही, असा त्याचा आशय. संसदेने याकडे लक्ष द्यावे असे त्यांनी सुचवले. संसदेला जाग यायला सतरा वर्षे लागली.

हा निकाल आला त्याच आठवड्यात देशात लोकसभेचे मतदान होत होते, आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. त्या आणीबाणीत किशोरकुमारच्या बाबतीत घडले ते नंतर त्या काळाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे नोंदले गेले. सरकारी कार्यक्रमांच्या प्रचारासाठी मुंबईच्या सिनेकलावंतांनी गावे, असा माहिती खात्याचा आग्रह होता. किशोरकुमारने अधिकाऱ्यांना दाद दिली नाही. ४ मे १९७६ पासून त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली, त्याच्या तबकड्यांपर्यंत कारवाई नेण्याचेही ठरले. यात कोणताही खटला नव्हता, कोणताही आक्षेपार्ह शब्द नव्हता. गायला नकार, एवढाच गुन्हा. रेडिओ एकट्या सरकारचा होता म्हणून ही शिक्षा शक्य झाली. रेडिओ सिलोनपर्यंत मात्र दिल्लीचा हुकूम चालत नव्हता. मंत्री विद्याचरण शुक्ल यांनी आयोगापुढे जबाबदारी स्वतःवर घेतली.

सरकारची आणि मोठ्या कंपनीची पकड एकदम सैल केली ती कॅसेटने. आखाती देशांतून परतणाऱ्यांनी टू-इन-वन आणले, कोऱ्या फिती स्वस्त झाल्या, आणि ध्वनिमुद्रण गल्लीबोळात होऊ लागले. चाळीतल्या खोलीत गादी भिंतीला लावून मुद्रण करणारे निघाले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज, वामनदादा कर्डकांची गाणी, भीमगीते, कोळीगीते, विठ्ठलाची गाणी एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवर आली. रेडिओच्या श्रेणीत ज्यांना कधी जागा मिळाली नसती अशा गळ्यांना बाजार मिळाला. पण बाजार मिळाला म्हणजे पैसा मिळाला असे झाले नाही. एकरकमी व्यवहार इथेही तसाच राहिला, वर चोरट्या कॅसेटींनी विक्रीचा हिशेब अशक्य केला. जुनी गाणी नव्या गळ्यातून गाऊन विकण्याची मुभा कायद्यात होती, तिच्यावर गुलशनकुमार यांच्या सुपर कॅसेट्सने साम्राज्य उभारले. या धंद्यात गुंडगिरी किती खोल शिरली होती हे १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत भर दिवसा त्यांचा खून झाला तेव्हा सर्वांना दिसले.

कायद्यातली पहिली मोठी दुरुस्ती १९९४ ची. संगीतकृती कागदावर असण्याची अट गेली आणि सादरकर्त्याला, म्हणजे गायक-वादकाला, प्रथमच स्वतःचा हक्क मिळाला. खरी लढाई २०१२ ची. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली. निर्माते आणि कंपन्या विरोधात होत्या. मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली, २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून गाण्याच्या इतर सर्व वापरांत गीतकार आणि संगीतकार यांचा मालकाच्या बरोबरीने वाटा राहील, आणि तो वाटा करारातही लिहून देता येणार नाही. वारसाला किंवा हक्कसंस्थेलाच देता येईल. हातावर पोट असलेला नवा संगीतकार कागदावर जिथे सांगतील तिथे सही करतो, हे ओळखून केलेले हे कलम आहे आणि भारतीय कामगार कायद्यांच्या उत्तम परंपरेत ते शोभते. गायकांनी आपली वेगळी संस्था, इस्रा, काढली. आयपीआरएसची नव्या कायद्याखाली नोंदणी व्हायला २०१७ उजाडले.

कायदा झाला तरी पैसे वसूल व्हायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्याच लागल्या. एफएम वाहिन्या तबकडीच्या मालकाला पैसे देत आणि गीतकार-संगीतकारांना वेगळे देणे नाकारत. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तेही द्यावे लागतील असे सांगितले. त्याआधी २०१९ मध्ये टिप्स ही गाण्यांची कंपनी विरुद्ध विंक हे ॲप या प्रकरणात त्याच न्यायालयाने रेडिओसाठीचा वैधानिक परवाना इंटरनेटवरच्या ॲपना लागू होत नाही असे ठरवले, आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केले. म्हणजे ॲपने गाण्याच्या मालकाशी सौदा करूनच गाणे घ्यायचे. मालक मोठा असेल तर सौदा होतो. एकटा गायक कोणाशी सौदा करणार?

ॲपचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. वर्गणी आणि जाहिराती यांतून महिन्याला जे जमते, त्यातला एक भाग गाण्यांच्या मालकांसाठी बाजूला काढतात आणि एकूण किती गाणी किती वेळा ऐकली गेली त्या प्रमाणात वाटतात. नाशिकचा एखादा श्रोता महिनाभर फक्त कुमार गंधर्व ऐकत असेल, तरी त्याच्या वर्गणीचा बहुतेक पैसा त्याने कधीच न ऐकलेल्या लोकप्रिय सिनेगीतांकडे जातो. त्यात तीस सेकंदांचे तुकडे आणि पाऊण तासाचा मारवा, दोन्हींची मोजणी एकेक नग अशीच. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षाला हजार वेळांपेक्षा कमी ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांना ध्वनिमुद्रणाचे पैसे देणे थांबवले. लोकप्रियतेची ही पायरी गाठणे अभंग, ओवी किंवा विलंबित ख्याल मांडणाऱ्या नवख्याला सोपे नाही.

नवखा मग यूट्यूबकडे वळतो, आणि तिथे वेगळीच अडचण उभी राहते. एखादी गायिका यमनातली शंभर वर्षांपूर्वीची पारंपरिक बंदिश आपल्या खोलीत गाते आणि चढवते. दुसऱ्या दिवशी कळते की कोणत्या तरी कंपनीने हक्क सांगितला आहे, कारण त्या कंपनीच्या ताब्यातल्या ध्वनिमुद्रणाशी यंत्राला साम्य आढळले. बंदिश सर्वांची, गळा तिचा, तंबोरा तिचा, जाहिरातीचे उत्पन्न मात्र वाद मिटेपर्यंत अडकते. हरकत घेता येते, पण इंग्रजीतले अर्ज भरत बसण्यापेक्षा अनेक जण नाद सोडतात. त्यात आता आवाजाची नक्कल करणारे संगणक आले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. नामांकित गायकाला वकील करता येतो. लग्नात मंगलाष्टके म्हणणाऱ्याचा आवाज चोरीला गेला तर त्याला ते कळणारही नाही.

बहुतेकांना वाटले होते की साधने अनेक झाली म्हणजे राजकारणाचा ताप कमी होईल. तसे झालेले नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये शिवसेनेच्या विरोधामुळे मुंबईत गुलाम अलींचा कार्यक्रम रद्द झाला. तो जगजितसिंगांच्या स्मृतीसाठी होता. मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, केंद्र सरकारने पाकिस्तानी गाणी आणि मालिका काढून टाकाव्यात अशी सूचना ॲपना केली. देशावर घाव पडला की लोकांच्या मनात संताप असतो आणि सरकारला पाऊल उचलावे लागते, हे समजते. तरी १९५२ मध्ये कोलंबोचे स्टेशन लावणाऱ्या श्रोत्याला जी पळवाट होती, ती आजच्या श्रोत्याला फार कमी उरली आहे. सारी गाणी मोजक्या ॲपवर एकवटली आहेत, आणि एका सूचनेने ती एका दिवसात दिसेनाशी होऊ शकतात.

कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचे उदाहरण निराळे आहे. जातीविषयी आणि सरकारविषयी ते उघड लिहितात-बोलतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाच्या सहकार्याने दिल्लीत होणारा संगीत महोत्सव, ज्यात ते गाणार होते, समाजमाध्यमांवर टीका उसळल्यावर पुढे ढकलला गेला. दिल्लीच्या राज्य सरकारने मग त्याच तारखेला, १७ नोव्हेंबरला, त्यांचे गाणे ठेवले. गाणे झाले, लोक आले. पण एका सरकारने टाळायचे आणि विरोधातल्या दुसऱ्या सरकारने बोलवायचे, यात मैफलीचा पक्ष ठरून जातो, गायकाने तो निवडलेला असो वा नसो.

महाराष्ट्रात हे सर्वांत जास्त सोसले ते शाहिरांनी. पुण्याचा कबीर कला मंच २००२ च्या गुजरात दंगलींनंतर उभा राहिला. मंचाच्या कलावंतांवर माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई झाली. त्यांनी आरोप नाकारले. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनापुढे गाणी म्हणत पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल साठेंना त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जामीन दिला, माळी आणि इतर दोघांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये. २०२० मध्ये मंचाच्या तिघांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने ठरवायचे, पण निकालाआधीच वर्षे निघून जातात आणि गाणाऱ्याचे गाणे त्या वर्षांत थांबते.

अटक, बंदी यांच्या बातम्या होतात. त्याहून रोजचे आणि न दिसणारे अवलंबन आहे ते स्थानिक पुढाऱ्यावर. गणपती, दहीहंडी, शिवजयंती, आंबेडकर जयंती, वाढदिवस या निमित्तांचे ऑर्केस्ट्रा आणि शाहिरी कार्यक्रम नगरसेवक, आमदार, इच्छुक उमेदवार यांच्या पैशावर होतात. सुपारी तेच देतात, फलक त्यांचाच लागतो. एका पक्षाच्या प्रचाराला गायलेला शाहीर दुसऱ्याच्या व्यासपीठावर बोलावला जाईलच असे नाही. निवडणुकीचे वर्ष त्यामुळे कमाईचेही असते आणि जोखमीचेही.

सरकारी नियमही असेच पोटाशी येऊन भिडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांना सक्त बंदी आली. आजारी माणसाला, लहान मुलाला शांत झोप हवी, यात दुमत नाही. पण १९५३ पासून पुण्यात रात्रभर चालणारा सवाई गंधर्व महोत्सव दुपारवर आला, आणि मालकंस, दरबारी, पहाटेचा ललत हे राग त्यांच्या वेळी जाहीर मैफलीत ऐकण्याची सोय जवळजवळ गेली. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ते दिवस कोणत्या उत्सवांना द्यायचे हे प्रशासन ठरवते आणि संगीताच्या वाट्याला त्यातला एखादाच येतो. जीएसटीतही शास्त्रीय आणि लोककलांना सवलत आहे, पण दर कार्यक्रमाला दीड लाखांच्या मानधनापर्यंतच. तमाशाच्या फडासारख्या पन्नास-साठ माणसांच्या संचाला तेवढ्यात किती वाटा येतो, ते उघड आहे.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांत तो भरात येतो. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गुढीपाडव्याला गावोगावचे पुढारी तिथे येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. फडमालक त्या भरवशावर कलावंतांना आधीच उचल देऊन बसलेला असतो आणि ती उचल बहुधा व्याजाच्या पैशातली असते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. एका रात्रीत वर्षाची सारी कमाई गेली, कर्ज मात्र राहिले. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मासिक मानधन देते, पण फडातली नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, गाडीवान हे चाळिशीतच कर्जात बुडाले तर त्यांच्यासाठी काही नाही. रॉयल्टीचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्यांचे गाणे मुद्रित होऊन विकले जात नाही. मोबाइलवर कोणी चित्रित करून चढवलेच, तर उत्पन्न चढवणाऱ्याच्या खात्यात जमा होते.

मुद्रित होणाऱ्यांतही सर्वांना वाटा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला रॉयल्टी दिली, पण त्याच दुरुस्तीत एक परंतुकही घातले: चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला सादरकर्ता मानले जाणार नाही. व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेतला वादक, कोरसमधली मुलगी, ढोलकीचा एकच तुकडा वाजवून गेलेला साथीदार यांच्यापुढे हीच अट उभी राहते. धंद्याची रीतच त्यांचे नाव न घालण्याची असेल, तर त्यांचा हक्क त्या रीतीच्याच आधाराने नाकारता येतो. वादकांच्या संघटनांनी प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या वेळी हजेरीपट सक्तीचा करून घेतला आणि त्यातली नावे श्रेयनामावलीत घालणे निर्मात्यांना भाग पाडले, तरच या परंतुकाची धार जाईल. कायदा बदलण्यापेक्षा हे काम सोपे आहे, आणि ते वादकांच्या एकजुटीने होण्यासारखे आहे.